थेंब पडू नये म्हणून

क्लाइडबँकच्या गोदीत, वरच्या मजल्यावर,
जिथे पुरुषांना दार वाजवून यावं लागे,
इफी मॅक्रिंडल सोळाव्या वर्षी शिकली
निळसर लिननवर खडूची पूड चोळायला
आणि श्वास रोखून शाईची रेघ ओढायला.
मिस ऑचिनक्लॉसनी पहिल्याच दिवशी बजावलं:
घाम नको, चहा नको, रडायचं तर जिन्यात.
एक थेंब पडला की खळ सुटते,
डाग पडतो, मग सगळं पहिल्यापासून.
जन्मभर पाण्यात राहायची ती जहाजं
इतकी पाण्यापासून जपून काढली जात.

भिंतीवर जुन्यांची चित्रं होती.
एक लोखंडी, शिडं आणि चाकं आणि पंखा,
तिन्ही देवांना नवस बोललेल्या माणसासारखं.
मग उभ्या नाकाची, नाकासमोर चालणारी,
डोक्यावर चार चार चिमण्या.
"चौथी कधी कधी खोटी!" आजोबा ओरडून सांगत
(रिव्हेट ठोकून बहिरे झालेले, सगळंच ओरडून सांगत).
"तळातले लोक चिमण्या मोजून तिकीट काढायचे,
पोरी, खोटी असली तरी मोजायला खरी!"

कंपन्या एकमेकींना पाण्यात बघत, अगदी शब्दशः.
फ्रेंचांनी नाक पुढे कललं केलं,
पाण्याखाली त्याला गोल फुगा दिला,
आणि तिसऱ्या चिमणीत म्हणे कुत्र्यांना घरं.

वडिलांना हे काही आठवत नसे.
त्यांना आठवे एकतीसचा डिसेंबर,
गावाच्या छपरांवर उभा अर्धा सांगाडा,
आणि सव्वादोन वर्षं न वाजलेला हातोडा.
काम पुन्हा सुरू झालं तेव्हा आधी गंज खरवडला.
चिमण्या बसायच्या होत्या अजून,
पाखरांनी मात्र घरटी करून ठेवली होती.

इफीनं एकटीनं पुरं केलेलं पहिलं जहाज
बांधलंच गेलं नाही.
तोवर विमानं सहा-सात तासांत पलीकडे जाऊ लागली होती,
आणि पाच दिवस कुणाकडे होते?
प्रत्येक कापडावर शिक्का बसला: रद्द.
कारकून म्हणाला, घेऊन जा हवं तर.

तिनं ते घरी मोठ्या पातेल्यात उकळलं.
खळ गेली, निळा रंग गेला,
बॉयलर, जिने, दुसऱ्या वर्गाचं जेवणघर, सगळं
काळ्या पाण्यात उतरलं,
आणि खाली राहिलं मऊ, पांढरं, तलम.
त्यातून भाचीच्या बाप्तिस्म्याचा झगा झाला.
उरल्याचे रुमाल.

भाची ऱ्होना आता फिनलंडला, तुर्कूच्या गोदीत.
"खोल्या तयारच येतात, मावशी," फोनवर सांगते,
"न्हाणीघर, आरसा, पलंगावरच्या दिव्यासकट.
कपाटात खण सरकवावा तशा सरकवतो."
"आणि मजले?"
"वीस."
इफी थोडा वेळ बोलली नाही.
"मग ते जातं कुठे?"
"कुठेच नाही. फिरून परत येतं."

ग्रीनॉकच्या धक्क्यावर त्यातलंच एक आलं तेव्हा
ती बसनं बघायला गेली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी.
गल्लीच्या टोकाला अचानक एक इमारत,
कठड्यांवर वाळत घातलेले टॉवेल,
वर घसरगुंडी, पिवळी.
ती शोधत होती डेकची रेघ,
दोन्ही टोकांना उचललेली, मध्ये जरा झुकलेली,
जी एका श्वासात काढायची असते.
सापडली नाही. सगळं फूटपट्टीनं.

"खाली बघ," ऱ्होना फोनवर म्हणाली,
"ते दिसायचं नाही तुला. पाण्याखाली अजून वळणंच आहेत.
वरच्या माणसांना चौकोन चालतो,
पाण्याला नाही चालत."

इफीनं "हं" केलं, फक्त "हं",
आणि चष्मा पुसायला रुमाल काढला.
कोपऱ्यात शाईचा एक केस अजून आहे,
इतक्या धुण्यांत न गेलेला:
कुठल्या तरी डेकचा, कदाचित जिन्याचा.
पाऊस भुरभुरत होता.
रुमालावर थेंब पडला, मग आणखी दोन.
तिनं सवयीनं हात आडवा धरला,
मग काढून घेतला.